कास्टिंग कॉल (हौशी आवाज-कलाकारांसाठी)

ध्वनिनाट्य, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ गेम, श्राव्य पुस्तक अशा कामासाठी आवाज हवे आहेत, असे इंटरनेटवर दिलेले जाहीर आवाहन. त्यात पात्रांची ओळख, ऑडिशनसाठी वाचायचे संवाद, ध्वनिफाइल पाठवण्याची रीत आणि शेवटची तारीख दिलेली असते. कलाकार घरीच संवाद रेकॉर्ड करतो, फाइल पाठवतो आणि निवड झाली तर पुढचे कामही बहुधा घरूनच करतो. दिग्दर्शक आणि नट यांची प्रत्यक्ष गाठ कित्येकदा पडतच नाही. तालमीच्या हॉलमध्ये बोलता बोलता जे कळून जाते (नाटक कोण बसवतंय, किती दिवस चालणार, प्रवासखर्च कोण देणार) ते सगळे इथे आधी लिहूनच द्यावे लागते. आवाहन वाचणाऱ्या अनोळखी माणसाला एकही प्रश्न न विचारता ‘हे मला जमेल का, आणि मी ते करावे का’ हे ठरवता आले, तर कॉल चांगला.

पार्श्वभूमी

मराठीत आवाजाच्या अभिनयाला मोठे व्यासपीठ दिले ते आकाशवाणीने. श्रुतिका किंवा नभोनाट्यात काम करायचे तर केंद्रावर जाऊन स्वरचाचणी द्यायची, उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळायची आणि मग बोलावणे यायचे, अशी ती पद्धत. स्टुडिओ आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे संस्थेकडेच असल्यामुळे हौशी माणसाला दुसरा रस्ता नव्हता. २००० साली ‘ऑडॅसिटी’ हे फुकट ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर आले. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केले होते. पुढे थेट संगणकाला जोडता येणारे यूएसबी मायक्रोफोनही आवाक्यात आले आणि घरातली एक खोली रेकॉर्डिंगला पुरू लागली.

इंग्रजीत ही हौस आधी ‘फॅनडब’मध्ये, म्हणजे आवडत्या जपानी कार्टूनवर स्वतःचे संवाद चढवण्यात, आणि ‘न्यूग्राउंड्स’सारख्या संकेतस्थळांवरच्या फ्लॅश कार्टूनमध्ये दिसू लागली. ‘व्हॉइस अ‍ॅक्टिंग अलायन्स’ हा त्या काळातला हौशी कलाकारांचा अड्डा. नंतर ‘कास्टिंग कॉल क्लब’ हे याच कामाला वाहिलेले संकेतस्थळ आले. तिथे प्रत्येक भूमिकेचा वेगळा रकाना असतो, त्याखाली संवाद असतात आणि कलाकार त्या त्या भूमिकेसाठी फाइल चढवतो. याशिवाय रेडिट आणि डिस्कॉर्डवर यासाठीचे गट आहेत. मराठीत असे स्वतंत्र ठिकाण रुळलेले नाही. आवाहने फिरतात ती व्हॉट्सअ‍ॅप गटांत, फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीत. चोवीस तासांत स्टोरी नाहीशी होते आणि तिच्याबरोबर तपशीलही जातो, म्हणून मजकूर एखाद्या गुगल डॉकमध्ये ठेवून सगळीकडे त्याचा दुवा देणे बरे.

काम केवढेही मोठे असू शकते. २००२ सालचा ‘मॉरोविंड’ हा गेम त्याच मालिकेतल्या पुढच्या ‘स्कायरिम’ या गेमच्या इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) नव्याने उभा करणाऱ्या ‘स्कायविंड’ या स्वयंसेवी प्रकल्पाने अशाच आवाहनांतून आवाज गोळा केले. मूळ गेममधला बहुतेक मजकूर फक्त वाचायचा होता. नव्या रूपात तो बोलला जायचा होता.

ऑडिशन न घेणारी पद्धत

‘लिब्रिव्हॉक्स’ची रीत उलट आहे. ह्यू मॅग्वायर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात कॉपीराइटमुक्त पुस्तके स्वयंसेवक वाचतात. नाटक वाचायचे ठरले की भूमिकांची यादी लावली जाते आणि जो आधी मागेल त्याला ती भूमिका मिळते. नव्या माणसाला एक मिनिटाचे चाचणी-रेकॉर्डिंग द्यावे लागते, पण त्यात मायक्रोफोन, आवाजाची पातळी, फाइलचा प्रकार हे तपासतात. अभिनय कोणी तपासत नाही. प्रत्येकजण आपले संवाद एकट्याने रेकॉर्ड करतो आणि मग एक संपादक सगळे संवाद एकमेकांत ओवून नाटक तयार करतो. निकाल कुठे झकास, कुठे खडबडीत. पण कामे पूर्ण होतात, आणि हौशी क्षेत्रात ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. सात मित्र आणि नऊ भूमिका असतील तर ऑडिशनचा घाट घालायची गरज नसते. यादी लावली की भागते.

भूमिकेचे वर्णन

बहुतेक आवाहने इथेच पडतात. ‘हीरो, वय २५, दमदार आवाज. व्हिलन, वय ५०, खतरनाक आवाज’ असे लिहिले की शंभर माणसे घसा खाली उतरवून गुरगुरतात आणि निवडणाऱ्याला सगळ्या फाइली सारख्याच वाटू लागतात. आवाजाचा पोत सांगण्यापेक्षा माणूस सांगावा. उदाहरणार्थ :

‘दिगंबर मास्तर. वय ६० च्या आसपास, निवृत्त मुख्याध्यापक, सांगलीकडचे. आवाज चढवायची सवय नाही. रागावले की उलट हळू आणि शुद्ध बोलू लागतात. एकूण ४१ संवाद, भाग १, २ आणि ५ मध्ये. एका प्रसंगात खोकल्याची मोठी उबळ आहे.

संवाद १ (मुलाला, रात्री, शेजारी ऐकतील या धास्तीने) : दार लाव आधी. काय विकलंस ते मग सांग.

संवाद २ (शाळेच्या जुन्या शिपायाला, बऱ्याच वर्षांनी भेटल्यावर) : अरे, घंटा अजून तूच देतोस की काय?’

यातला संवादांचा आकडा महत्त्वाचा. ४१ संवाद म्हणजे एका संध्याकाळचे काम, ४०० म्हणजे महिन्याभराचे. नोकरी किंवा परीक्षा सांभाळून काम करणारा माणूस आधी तेवढाच आकडा पाहतो. ओरडणे, किंकाळ्या, हुंदके असतील तर तेही आधीच सांगावे, कारण दहा वेळा किंकाळी फोडून घसा बसलेला कलाकार पुढच्या आठवड्यात दुसरे काम करू शकत नाही. कंसातली सूचना कोणाला, कुठे, कशासाठी हे सांगणारी असावी. नुसते ‘रागाने’ लिहिल्यास फक्त आवाज मोठा होतो. दोन संवाद एकमेकांपासून दूरच्या मनःस्थितीतले निवडावेत आणि दोन्ही मिळून अर्ध्या मिनिटात संपावेत. कथेतले रहस्य ऑडिशनच्या संवादात उघड होणार नाही हेही पाहावे; ही चूक दिसते त्यापेक्षा सहज घडते.

बोलीच्या बाबतीत ‘गावरान टोन’ हे वर्णन कुचकामी आहे. वऱ्हाडी हवी की अहिराणी, मालवणी हवी की नुसते कोल्हापुरी वळण, हे नाव घेऊन लिहावे. बोली जमणाऱ्याला शब्द बदलण्याची मोकळीक आहे का, तेही सांगावे. संहिता पुण्यात बसून लिहिलेली असेल तर अशी मोकळीक दिल्याने संहितेचाच फायदा होतो.

फाइल, खोली आणि घड्याळ

हौशी ऑडिशनसाठी मोनो (एकाच वाहिनीची) एमपी३ किंवा वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्‌झ एवढे पुरते. मागे संगीत नको, इफेक्ट नकोत, नॉइज रिडक्शनही (मागची खरखर सॉफ्टवेअरने पुसणे) नको. खोली मुळात कशी वाजते ते कळायला हवे, म्हणून सुरुवातीला तीन-चार सेकंद शांतता मागावी. श्राव्य पुस्तकांसाठी ‘एसीएक्स’चे (‘ऑडिबल’साठी श्राव्य पुस्तके तयार करून घेणाऱ्या अमेझॉनच्या संकेतस्थळाचे) निकष कडक आहेत : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, शिखर उणे ३ च्या खाली, पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० च्या खाली. ऑडिशनलाच हे मागणारा आयोजक चांगला नट घालवून बसतो, कारण ध्वनी नंतर सुधारता येतो, अभिनय नाही. मात्र फुटलेला आवाज आणि घुमणारी खोली संपादनात फारशी सावरत नाही. पंखा बंद, फोन विमान-मोडवर, तोंड कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे किंवा डोक्यावर गोधडी, आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट मायक्रोफोनवर आदळू नये म्हणून तो तोंडासमोरून किंचित बाजूला : या चार ओळी आवाहनात घातल्या तर निम्म्या फाइली ऐकण्याजोग्या येतात. कुकरची शिट्टी वाजली तर संवाद पुन्हा घ्यावा, हे वेगळे सांगावे लागते.

फाइलचे नाव कसे द्यायचे (भूमिका, मग कलाकाराचे नाव) ते ठरवून द्यावे, आणि ते रोमन लिपीत मागावे. देवनागरी नावे झिप करताना काही संगणकांवर तुटतात. संहिता मात्र युनिकोडमध्येच द्यावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडते आणि अर्धे इच्छुक तिथूनच परत फिरतात.

मुदतीत तारखेबरोबर वेळ आणि कोणत्या देशाची वेळ हे हवे. ‘१५ तारीख मध्यरात्र’ यातून चौदाची रात्र की पंधराची, इथूनच घोळ सुरू होतो. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होते तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे, तिथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. न्यू जर्सीतले महाराष्ट्र मंडळ आणि पुण्यातला गट मिळून नाटक करत असतील तर ‘रात्री ११.५९, भारतीय वेळ’ असे लिहून टाकावे.

मानधन

विनामोबदला काम असेल तर ते पहिल्या काही ओळींतच सांगावे. ‘प्रसिद्धी मिळेल’, ‘अनुभव मिळेल’ हे मोबदला म्हणून लिहू नये, वाचणारा हसतो. मानधन असेल तर आकडा द्यावा आणि तो प्रतिसंवाद, तयार ध्वनीच्या प्रतितास की एकरकमी, हेही लिहावे. छोट्या प्रकल्पांसाठी ‘व्हॉइस अ‍ॅक्टिंग क्लब’ची दरसूची इंग्रजी जगात आधार म्हणून वापरली जाते. नफ्यात वाटा देण्याचे आश्वासन सर्वांत फसवे, कारण नफा क्वचितच होतो आणि हिशेब त्याहून क्वचित दाखवला जातो. श्रेयनामावलीत नाव आणि स्वतःच्या नमुना-ध्वनीत ते संवाद वापरण्याची परवानगी, या दोन गोष्टी फुकट काम करणाऱ्याला मिळायलाच हव्यात.

हक्क

आधी संहितेचे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटके आज कोणीही रेकॉर्ड करू शकतो. हयात लेखकाच्या कथेसाठी लेखी परवानगी लागते, आणि ती मिळाली आहे हे आवाहनातच नमूद केल्यास अनुभवी लोक निर्धास्तपणे येतात.

मग आवाजाचे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३८ नुसार सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. गेम जगभर विकण्याचा विचार असलेल्या आयोजकाने निदान एवढे वाचलेले असावे.

आवाजाची कृत्रिम नक्कल करणारी साधने आल्यापासून आणखी एक ओळ जवळजवळ अनिवार्य झाली आहे : ‘पाठवलेले रेकॉर्डिंग एआय प्रशिक्षणासाठी किंवा आवाजाच्या क्लोनिंगसाठी वापरले जाणार नाही.’ जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेने व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप सुरू केला, त्यात हाच मुद्दा अग्रभागी होता. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम मनाई दिली. तो दिलासा नामवंत व्यक्ती म्हणून मिळाला. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा कलाकाराच्या हाती लेखी अटीशिवाय फारसे काही नसते.

इच्छुकानेही काही खुणा ओळखाव्यात. ऑडिशनसाठी दहा पाने मजकूर मागणारा बहुधा फुकटात तयार रेकॉर्डिंग किंवा एआयसाठी कच्चा माल गोळा करत असतो. नोंदणी शुल्क, ‘पोर्टफोलिओ’चे पैसे किंवा आधार कार्डाची प्रत मागणाऱ्याकडे फिरकू नये. १८ वर्षांखालील मुलामुलींचे आवाज हवे असतील तर पालकांची संमती घ्यावी, संपर्कही पालकांमार्फतच ठेवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे.

निवड

फाइली ऐकताना एका भूमिकेच्या सगळ्या सलग ऐकाव्यात आणि तीन-चार जणांची छोटी यादी काढून त्यांना एक वेगळी सूचना देऊन तोच संवाद पुन्हा मागावा. सूचना दिल्यावर बदलणारा कलाकार पहिल्या झटक्यात छान वाटलेल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. प्रमुख भूमिकेसाठी एक राखीव नाव ठेवावे, कारण हौशी कामात माणसे मध्येच गायब होतात. अर्थात त्याहून अधिक वेळा गायब होतो तो आयोजक : संहिता अर्धीच लिहिलेली असते, भूमिका वाटल्या जातात आणि पुढे कोणी काही बोलत नाही. म्हणून जाणकार कलाकार आवाहनात आधी ‘संहिता पूर्ण आहे’ हे वाक्य शोधतात. निकाल ठरल्या दिवशी लावावा आणि निवड न झालेल्यांनाही दोन ओळी पाठवाव्यात. कॉल संपला की तो जिथे जिथे टाकला होता तिथे ‘बंद’ असे लिहावे, नाहीतर फॉरवर्ड होत राहिलेल्या जुन्या संदेशावरून पुढचे कित्येक महिने फाइली येत राहतात.