पत्ता-विरूपण

पत्ता-विरूपण : सार्वजनिक ठिकाणी दिलेला ई-मेल पत्ता माणसाला वाचता यावा, पण पत्ते वेचणाऱ्या बॉटला (आपोआप चालणाऱ्या संगणक-प्रोग्रामला) ओळखता येऊ नये, अशा बेताने त्याचे रूप बिघडवण्याची पद्धत. इंग्रजी संगणकबोलीत तिला ‘ॲड्रेस मंगिंग’ म्हणतात.

‘मंग’ या क्रियापदाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘मॅश अंटिल नो गुड’ (निकामी होईपर्यंत चेचणे) या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते १९६० च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत घडले, अशी रूढ समजूत आहे. तथापि तेथील टेक मॉडेल रेलरोड क्लब या विद्यार्थ्यांच्या खेळण्यातील रेल्वेच्या मंडळात ते १९५८ मध्येच वापरात असल्याचे दिसते. क्लबच्या शब्दसंग्रहाचे संकलक पीटर सॅमसन यांच्या मते रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) स्प्रिंग छेडल्यावर येणाऱ्या आवाजावरून हा शब्द आला असावा. १८७४ मधील एका नोंदीनुसार खऱ्याखोट्याची सरमिसळ असलेल्या बातमीला अमेरिकेत ‘मंग न्यूज’ म्हणत. महायुद्धांच्या काळात अमेरिकी सैनिक मांसाच्या एका नावडत्या पदार्थालाही ‘मंग’ म्हणत. हे पाहता आद्याक्षरांचे स्पष्टीकरण मागाहून बसवलेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुगाचे इंग्रजी नाव उच्चाराने जवळचे असले, तरी ते भारतीय भाषांतून गेलेले आहे; त्याचा येथे संबंध नाही.

पत्ते गोळा करण्याची प्रथा बॉटपेक्षा जुनी आहे. पहिला स्पॅम (न मागता अनेकांना पाठवलेला जाहिरातवजा संदेश) मानला जाणारा संदेश डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक-कंपनीच्या गॅरी थर्क यांनी मे १९७८ मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर सुमारे ४०० जणांना पाठवला (संदेशावर १ मे ही तारीख असली, तरी तो ३ मे रोजी गेला असे मानतात). त्यासाठीचे पत्ते छापील सूचीतून हाताने टंकले होते. ते शीर्षभागात मावेनात, म्हणून उरलेले मजकुरातच उतरले.

विरूपणाची चाल १९९० च्या दशकात युजनेट या सार्वजनिक चर्चागटांच्या जाळ्यावर रुळली असावी. तेथे प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर लेखकाचा पत्ता असे. त्यात ‘नोस्पॅम’सारखी अक्षरे घुसवत व उत्तर देणाऱ्याने ती काढून टाकावीत अशी अपेक्षा असे. पण कल्पनेने रचलेले डोमेन (पत्त्यातील ‘@’नंतरचे नाव) प्रत्यक्षात कुणाच्या तरी मालकीचे निघे आणि नको ती टपाल त्याच्या माथी येई. ‘इनव्हॅलिड’ हे कधीही नोंदवले न जाणारे अंत्यनाम (डोमेनचा शेवटचा भाग) जून १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने राखून ठेवल्यामुळे यावर तोड निघाली.

वेचणारा बॉट पानाचा स्रोत-मजकूर वाचतो आणि ‘@’च्या दोन्ही बाजूंना अक्षरे व उजवीकडे टिंब असा आकृतिबंध शोधतो. ‘@’च्या जागी ‘ॲट’ लिहिणे, त्याचा अंकसंकेत (६४) देणे, जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेने पत्ता जुळवणे किंवा त्याचे चित्र लावणे, हे सारे तो आकृतिबंध मोडण्याचे उपाय. सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजीच्या २००३ मधील पाहणीत असे झाकलेले पत्ते स्पॅमपासून सुटले होते. तो निष्कर्ष आज जसाच्या तसा धरता येणार नाही, कारण ‘ॲट’ आणि ‘डॉट’ शोधणारा आकृतिबंध लिहिणेही अवघड नाही. चित्रातला पत्ता तर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही. पत्ता न दाखवता संकेतस्थळावरच निरोप लिहू देणाऱ्या संपर्क-अर्जात ही अडचण नसते, मात्र असे अर्ज भरणारे बॉटही वेगळे असतात. २००४ पासूनच्या प्रोजेक्ट हनी पॉटने उलटी वाट धरली : बॉटच्या प्रत्येक भेटीला वेगळा सापळा-पत्ता द्यायचा, म्हणजे पुढे त्यावर स्पॅम आला की पत्ता कुणी उचलला हे कळते.

अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात अशी पत्ते-वेचणी गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी बाब आहे. भारतात ई-मेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम दूरध्वनी व एसएमएसपुरते आहेत. सरकारी संकेतस्थळांवर मात्र चौकटी कंसातले ‘ॲट’ आणि ‘डॉट’ सर्रास आढळतात.