खारट घामाचा माग

भांडुपच्या पूर्वेला, द्रुतगती मार्गाच्या पलीकडे, जुनी मिठागरं आहेत. त्या बाजूच्या एका सोसायटीत माझी मावसबहीण राहते. तिचा मुलगा सात महिन्यांचा असताना ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी एकदम मलूल पडला. जुलाब नाहीत, ताप नाही, उलटी एखादीच. तरी डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. रक्त तपासलं तर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तिन्ही खाली आलेले. मूत्रपिंडात दोष असावा असं समजून दोन आठवडे त्याच दिशेने तपासण्या चालल्या. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बहिणीला विचारलं, "बाळाचा पापा घेताना खारट लागतं का हो?"

लागत होतं. झोपेतून उठला की कपाळावर कधीकधी बारीक पांढरी भुकटीही दिसायची. पण मुंबईत घाम कोणाला येत नाही? त्यात डॉक्टरांना सांगण्यासारखं काय, असं तिला वाटलं होतं.

त्या एका प्रश्नातून पुढे सिस्टिक फायब्रोसिसचं निदान झालं. या आजाराला रूढ मराठी नाव नाही. घरातले नुसतं 'सीएफ' म्हणतात. पुस्तकात तो फुप्फुसाचा आणि स्वादुपिंडाचा आजार म्हणून वाचायला मिळतो. मी मात्र घामापासून सुरुवात करणार आहे. एकतर या आजाराचं गूढ घामातूनच उलगडत गेलं, आणि दुसरं म्हणजे आपल्या हवेत पुष्कळदा फुप्फुसांच्या आधी घामच बाळाचा घात करतो.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांची स्वादुपिंडं तपासून हा वेगळा आजार असल्याचं दाखवून दिलं. स्वादुपिंडात गाठोळ्या आणि चिवट तंतू दिसले, त्यावरूनच हे नाव पडलं. मग १९४८ चा उन्हाळा आला. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट होती, आणि उष्माघाताने रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं नको इतकी जास्त होती. अँडरसन आणि त्यांचे सहकारी केसलर यांनी १९५१ मध्ये ते नोंदवलं. त्याच रुग्णालयातले डॉ. पॉल डी सांत'अन्येझे यांनी पुढचा साधा प्रश्न विचारला: ही मुलं घामातून नेमकं काय गमावतात? १९५३ मध्ये उत्तर छापून आलं. त्यांच्या घामात मीठ इतरांच्या कितीतरी पट होतं. एका लाटेत मुलं कोसळली, ती का कोसळली हे कोणीतरी चिकाटीने शोधलं, आणि जगभरच्या निदानाला दार उघडलं. अशा लाटा आपल्याकडे दरवर्षी येतात, तेव्हा आपण मुलांकडे इतक्या बारकाईने पाहतो का, असं मला वारंवार वाटतं.

आता हे मीठ येतं कुठून? घर्मग्रंथी म्हणजे कातडीखालचं एक वेटोळं आणि तिथून वर येणारी बारीक नळी. वेटोळ्यात तयार होणारा घाम जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. तो वर चढताना नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत शोषून घेतात. नळीतून पाणी फारसं झिरपत नाही, म्हणून मीठ घरात राहतं आणि पाणी तेवढं कातडीवर येतं. या भिंतींमध्ये क्लोराइडसाठी एक दार असतं, सीएफटीआर नावाचं प्रथिन. दार बंद असेल तर क्लोराइड आत येत नाही, त्याच्या जोडीचं सोडियमही येत नाही, आणि मीठ घामाबरोबर वाहून जातं. हे १९८३ मध्ये दाखवून दिलं पॉल क्विंटन या शास्त्रज्ञाने. त्याला स्वतःलाच हा आजार होता.

फुप्फुसात हेच दार उलट्या दिशेने कामाला येतं. काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे कोशिंबीर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूलाही तसंच घडतं: पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, त्यामागून पाणी येतं आणि नळीवरचा चिकट थर पातळ, वाहता राहतो. दार बंद पडलं की हा थर सुकतो, कफ डिंकासारखा होतो, त्यात जंतू तळ ठोकतात. स्वादुपिंडातही रस घट्ट होऊन वाटा बुजतात, पाचकद्रव्यं आतड्यात पोचतच नाहीत. मग मूल खातं भरपूर, पण अंगी लागत नाही. शी तेलकट, दुर्गंधी येणारी होते आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तिच्यावाटे निघून जातात.

उकाड्याकडे परत येते, कारण आपल्यासाठी तो भाग फार महत्त्वाचा आहे. खारट घाम सतत जात राहिला की रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड उतरतं आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. हे चित्र बार्टर सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारासारखं दिसतं, म्हणून त्याला आभासी बार्टर म्हणतात. लघवीतलं क्लोराइड मोजलं तर फरक कळतो: खऱ्या बार्टरमध्ये ते भरपूर जातं, सीएफमध्ये शरीर ते लघवीत जाऊच देत नाही. लहान बाळाला हा धोका अधिक, कारण आईच्या दुधात मीठ थोडंच असतं आणि वर्षाच्या आत मीठ देऊ नका असा सल्ला मिळतो. तो सल्ला इतर बाळांसाठी योग्यच आहे. या बाळाला मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जादा मीठ हेच औषध असतं. माझ्या बहिणीच्या सासूबाईंना ते पचायला बरेच दिवस लागले.

तहानेचं त्याहून नवल. घाम गेला की एरवी रक्त खारट होतं आणि मेंदू पाणी मागतो. इथे पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं, त्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि तहानेचा निरोपच निघत नाही. मूल खेळत राहतं, सुकत राहतं. नुसतं साधं पाणी समोर ठेवून भागत नाही. पाण्यात मीठ असलं की ही मुलं आपणहून जास्त पितात, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

आपल्याकडे हा आजार ओळखूच येत नाही, याचं एक कारण म्हणजे तो गोऱ्यांचा आजार अशी पक्की समजूत. भारतातले रुग्ण १९६८ पासून नोंदले गेले आहेत. परदेशी स्थायिक भारतीयांवरून काढलेले अंदाज दर १० हजार ते ४० हजार जन्मांमागे एक असे आहेत. मुंबईसारख्या शहराचा पसारा लक्षात घेता ही मुलं आपल्यातच आहेत, फक्त त्यांच्या केसपेपरवर वारंवार न्यूमोनिया, दमा, कुपोषण असं काहीतरी लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त गल्लत टीबीशी होते. जुनाट खोकला, घटलेलं वजन, एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग: या शहरात डॉक्टरांच्या मनात आधी टीबीच येणार, आणि ते स्वाभाविक आहे. पण थुंकीत जंतू सापडत नसताना एका मागून एक टीबीचे कोर्स होत असतील, तर कोणीतरी घाम तपासायला हवा.

ती तपासणी १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी ठरवून दिली, आणि आजही तीच निर्णायक आहे. हातावर पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध अतिशय सौम्य विद्युतप्रवाहाने आत सोडतात, तिथला घाम अर्धा तास गोळा करतात आणि क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलीमोलच्या वर आकडा गेला तर आजाराची दाट शक्यता, ३० च्या खाली असेल तर बहुधा नाही. ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. नमुना उघडा राहून पाणी उडालं तर आकडा खोटा वाढतो, घाम कमी मिळाला तर मोजणीला अर्थ उरत नाही, आणि तीव्र कुपोषणातही आकडा चढू शकतो. परदेशी यंत्रं महाग, म्हणून दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एस. के. काबरा आणि सहकाऱ्यांनी देशी पद्धत बसवून २००२ मध्ये प्रसिद्ध केली. जनुकाच्या मोठ्या शोधांशेजारी हे काम छोटं दिसतं, पण इथल्या किती मुलांचं निदान त्यामुळे शक्य झालं असेल, याचा विचार केला की मला ते फार मोठं वाटतं.

मिठाने उपचारही दिला. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची फुप्फुसं इतरांपेक्षा बरी असतात, हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग १६४ रुग्णांवर ४८ आठवड्यांची चाचणी झाली: सात टक्के मीठपाण्याची, म्हणजे समुद्राच्या दुप्पट खारट पाण्याची वाफ. २००६ मध्ये निष्कर्ष आला, तब्येत बिघडण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. काकडीचंच तत्त्व: मीठ बाहेर पोचवा, पाणी मागून येईल.

१९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॅक रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांना सातव्या गुणसूत्रावर या दाराचं जनुक सापडलं. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध बिघाडात प्रथिनाच्या १४८० अमिनो आम्लांपैकी ५०८ वं गळालेलं असतं. प्रत्येकात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; अमेरिकेत सुमारे ८५ टक्के रुग्णांत निदान एका प्रतीत हा बिघाड असतो. भारतात हे प्रमाण बरंच कमी आहे आणि इतर बिघाडांची विविधता मोठी, म्हणून परदेशी यादीवर बेतलेली जनुकीय तपासणी इथे तोकडी पडते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वेगळीच बाजू तपासली: जन्मतः वीर्यवाहिन्या नसलेल्या, म्हणून मूल न होणाऱ्या पुरुषांत हे जनुक कसं असतं. त्यांच्यापैकी अनेकांत बिघाड आढळले. हे पुरुष एरवी ठणठणीत असतात. प्रयोगशाळेच्या मदतीने मूल होऊ देण्याआधी दोघांची तपासणी केली नाही, आणि पत्नीही वाहक, म्हणजे बिघडलेली एक प्रत बाळगणारी, निघाली, तर आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

दरम्यान दारच दुरुस्त करणारी औषधं आली, आणि ती काम करतात की नाही हे पुन्हा घामानेच सांगितलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयव्हाकाफ्टरने, एका विशिष्ट बिघाडाच्या रुग्णांत, घामातलं क्लोराइड सुमारे ४८ मिलीमोलने उतरवलं. १९५३ नंतर आकडा असा खाली आणणारं हे पहिलंच औषध. २०१९ मध्ये तीन औषधांचं मिश्रण आलं. ४०३ रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता, अपेक्षित क्षमतेच्या टक्केवारीत मोजली तर, सुमारे १४ अंकांनी वाढली आणि तब्येत बिघडण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटले. ५०८ च्या बिघाडाची एक प्रत असली तरी हे औषध चालतं. बाजारात येताना अमेरिकेतली वर्षाची किंमत होती ३ लाख ११ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांहून जास्त. आणि ते आयुष्यभर घ्यायचं असतं.

भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे, केईएम त्यातलं मुंबईचं केंद्र आहे, आणि मदतीची मर्यादा प्रति रुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत आहे. आकडे शेजारी ठेवून पाहिले की पुढे काही बोलावंसं वाटत नाही.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. त्याच्या जनुकीय रिपोर्टवर ५०८ ची एक प्रत लिहिलेली आहे. बहिणीने तो प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे. रोज सकाळी मीठपाण्याची वाफ, मग छाती थोपटणं, जेवणाआधी पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल, भातावर इतरांपेक्षा जास्त तूप. ओपीडीत दुसरं सीएफचं मूल दिसलं तर ती त्याला उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेते, कारण या मुलांच्या फुप्फुसांतले जंतू एकमेकांना लागतात. दोन्ही आया एकमेकींशी लांबूनच बोलतात. एप्रिल उजाडला की त्याच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीत मोजून मीठ पडतं, आणि वर्गातल्या बाईंना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं की तो मागो न मागो, दर तासाला प्यायला द्या.