डिझेल-इलेक्ट्रिक बुलडोझर: गिअरबॉक्स काढून टाकण्याची शंभर वर्षांची धडपड

इंजिनाची ताकद चेनपर्यंत कशी पोहोचवायची, हा प्रश्न बुलडोझरपेक्षाही जुना आहे. डिझेल इंजिन फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच किफायतशीर चालते. डोझरचे काम मात्र त्या पट्ट्यात मावत नाही. ब्लेड मातीत उतरले की वेग ताशी दोन-तीन किलोमीटरवर येतो आणि ओढ सगळ्यात जास्त लागते. ढीग टाकून रिकामे मागे येताना ओढ नाममात्र आणि वेग दुप्पट-तिप्पट. हेच दिवसभर, पुन्हा पुन्हा. या दोन टोकांच्या मध्ये कोणता दुवा बसवायचा आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे, यावर डिझेल-इलेक्ट्रिक डोझरचा सगळा इतिहास उभा आहे.

विजेचे उत्तर लवकर सापडले होते. हॅरी वॉर्ड लेनर्ड यांची जनरेटर-मोटर जोडीने वेग हवा तसा बदलण्याची पद्धत 1891 सालची. इंजिनाने जनरेटर फिरवायचा, जनरेटरने मोटर आणि मोटरने चाक. इलेक्ट्रिक मोटर जागेवर उभी असतानाही पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे क्लच नको आणि गिअर बदलायलाही नको. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या सँ-शामाँ रणगाड्यात ही पद्धत वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून बनलेल्या जर्मन ‘फर्डिनांड’ रणगाडाविरोधी वाहनात दोन पेट्रोल इंजिने, त्यांना जोडलेले जनरेटर आणि चेन फिरवणाऱ्या मोटरी होत्या. सुमारे 65 टनांचे ते धूड गिअर न बदलता चालत असे. पण त्यासाठी तांबे भरपूर लागे, आणि युद्धकाळात तांब्याचीच टंचाई होती. तांब्याचा हा खर्च पुढे डोझरच्या वाट्यालाही आला.

रेल्वेने हीच पद्धत मनापासून स्वीकारली, डोझरने स्वीकारली नाही. कारण सरळ आहे. हजार-दोन हजार अश्वशक्ती पेलणारा टिकाऊ यांत्रिक गिअरबॉक्स बनवणे रेल्वेला अवघड होते, म्हणून विजेचा दुवा महाग असूनही परवडला. शंभर-दोनशे अश्वशक्तीच्या डोझरला गिअरबॉक्स सहज मिळत होता, तोही स्वस्तात. शिवाय रेल्वेचे इंजिन बिघडले तर ते रेल्वेच्या स्वतःच्या कार्यशाळेत जाते. डोझर डोंगरात, चिखलात, जवळच्या गावापासून लांब बंद पडतो. तिथे मेकॅनिकला समजेल आणि हाताशी असलेल्या हत्यारांनी खोलता येईल, तेच यंत्र चालते.

त्यातच दुसऱ्या महायुद्धानंतर टॉर्क कन्व्हर्टर आला. हर्मान फॉटिंगर यांची ही कल्पना 1905 ची, मुळात जहाजांसाठीची. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाने फिरतो. दोघांत धातूचा सांधा नसल्यामुळे ब्लेड खडकाला भिडले तरी इंजिन बंद पडत नाही, आणि वेग कमी झाला की जोर आपोआप वाढतो. डोझरला जे हवे होते त्यातले बरेचसे या एका सीलबंद भांड्याने, तांब्याच्या एका तारेशिवाय दिले. सोबत चालत्या गाडीत गिअर बदलू देणारा पॉवरशिफ्ट आला आणि पुढची अनेक दशके मोठ्या डोझरची ठरलेली रचना हीच राहिली. लहान डोझरमध्ये 1970 च्या दशकापासून दाबाच्या तेलावर चालणाऱ्या हायड्रोस्टॅटिक पंप-मोटरींनी जम बसवला.

कन्व्हर्टरची किंमत मात्र दर तासाला चुकवावी लागते. दोन पंख्यांच्या वेगात फरक पडला की तेल घुसळले जाते आणि तापते. चेन पूर्ण थबकली तर कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य. इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते आणि ती उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरचा पंखा आणखी ताकद खातो. डोझर तर थबकण्याच्या आसपासच काम करतो. ट्रकमध्ये ही झीज अधूनमधून होते, डोझरमध्ये ती कामाचाच भाग आहे. विजेच्या दुव्याला या क्षेत्रात पुन्हा पुन्हा संधी मिळाली ती याच जागेमुळे, असे मला ठामपणे वाटते.

ही संधी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर साधली ती सोव्हिएत संघाने. चेल्याबिन्स्कच्या ट्रॅक्टर कारखान्यात 1950 च्या दशकाअखेरीस डीईटी-250 हा डिझेल-इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आकाराला आला आणि 1961 पासून त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. रणगाड्याच्या व्ही-12 डिझेलवरून बेतलेले सुमारे 300 अश्वशक्तीचे इंजिन, डीसी जनरेटर आणि डीसी मोटर. गोठलेली जमीन रिपरने, म्हणजे मागे लावलेल्या पोलादी दाताने, फोडायची असेल तर वेग पायऱ्यांनी नव्हे, सलग कमी-जास्त व्हावा लागतो, आणि ते या यंत्राला उत्तम जमे. त्याचे वारसदार पुढे अनेक दशके बनत राहिले. खर्चाचा हिशेब तिथे वेगळा होता. यंत्र विकत घेणारा आणि बनवणारा, दोन्ही सरकारच. सुट्या भागांचा भाव बाजार ठरवत नव्हता.

डीसी मोटरची एक बाजू मात्र कुठल्याही व्यवस्थेत बदलत नाही. तिच्यात वीज आत पोहोचवण्यासाठी फिरत्या कम्युटेटरवर कार्बनचे ब्रश घासत राहतात. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, कार्बनची भुकटी साचते. बाहेरची धूळ आत गेली की झीज वाढते, आणि मोटर पूर्ण बंदिस्त केली तर ती थंड कशी करायची हा नवा प्रश्न. बुलडोझरइतके धुळीत काम करणारे यंत्र क्वचितच असेल. जोर जास्त आणि वेग कमी, म्हणजे करंट जास्त आणि मोटरच्या स्वतःच्या पंख्याचा वारा कमी. थोडक्यात, डीसी मोटरला जे सोसत नाही, नेमके तेच डोझर तिच्याकडून मागतो.

अमेरिकेत आर. जी. लेटूर्नो यांनी विजेचा ध्यास घेतला, पण चेनऐवजी चाकांच्या यंत्रांसाठी. 1953 मध्ये त्यांनी आपला माती हलवण्याच्या यंत्रांचा व्यवसाय वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनीला विकला आणि नंतर प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर असलेली अवाढव्य यंत्रे बनवली. 1960 च्या दशकात खाणींतल्या मोठ्या डंपरनीही चाकांतल्या मोटरी स्वीकारल्या. डंपर पूर्ण क्षमतेने तासन्‌तास चढ चढतो आणि उतारावर मोटरीच जनरेटर होऊन ब्रेक लावतात. डोझरला हा दुसरा फायदा मिळत नाही. त्याची सगळी ताकद मातीच्या घर्षणात जिरते. परत मिळवण्यासारखे काही उरत नाही. जपानच्या कोमात्सूने 2008 मध्ये आणलेला हायब्रिड एक्स्कॅव्हेटर वरचा भाग वळून थांबताना कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवू शकतो, कारण तिथे दर फेरीला थांबवण्यासारखे वजन फिरत असते. म्हणूनच डिझेल-इलेक्ट्रिक डोझरमध्ये बॅटरी सहसा नसते, आणि त्याला ‘हायब्रिड’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. त्याची बचत एकाच ठिकाणाहून येते: कन्व्हर्टरमध्ये जाणारी उष्णता वाचवणे आणि इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर चालवणे.

चित्र पालटले ते डीसी विजेची हवी तशी एसी वीज बनवणाऱ्या इन्व्हर्टरमुळे. 1980 च्या दशकापासून आयजीबीटीसारखे ताकदवान सेमीकंडक्टर स्विच आले आणि ब्रश नसलेली एसी मोटर शून्य वेगापासून हवी तशी चालवता येऊ लागली. 1990 च्या दशकात एसी मोटरी आधी रेल्वे इंजिनांत आणि मग कोमात्सू 930ई सारख्या डंपरमध्ये रुळल्या. मोटर आता सीलबंद करता येत होती आणि तिच्याभोवती द्रव खेळवून ती थंड ठेवता येत होती. तांबे कमी झाले, पण त्याची जागा महागड्या इलेक्ट्रॉनिक्सने घेतली.

मार्च 2008 मध्ये लास व्हेगासच्या कॉनएक्स्पो प्रदर्शनात कॅटरपिलरने डी7ई दाखवला. 235 अश्वशक्तीचे इंजिन, जनरेटर, इन्व्हर्टर आणि दोन एसी मोटरी. गिअर बदलणारा ट्रान्समिशन नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, इंजिनावर जोडयंत्रे फिरवणारे रबरी पट्टेही (बेल्ट) नाहीत. पण या यंत्रातला सगळ्यात बोलका निर्णय वेगळाच आहे. मोटरी दोन असल्या तरी एक मोटर डाव्या चेनला आणि एक उजवीला, अशी ती रचना नव्हती. दोन्हींची ताकद एकत्र होऊन यांत्रिक डिफरन्शिअल स्टिअरिंगमधून, म्हणजे दोन चेनमध्ये ताकद वाटून यंत्र वळवणाऱ्या गिअरमधून, चेनला जात असे. कारण वळताना बाहेरच्या चेनला जवळजवळ सगळी ताकद लागू शकते. स्वतंत्र मोटरी ठेवल्या तर प्रत्येक मोटर आणि तिचा इन्व्हर्टर जवळपास पूर्ण ताकदीचा घ्यावा लागतो, म्हणजे दुप्पट खर्च. जुने गिअर ठेवून महागडे इलेक्ट्रॉनिक्स आटोक्यात ठेवले. कागदावर सुंदर दिसणारी रचना सोडून परवडणारी निवडण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

कंपनीचा दावा होता की इंधन 10 ते 30 टक्के कमी लागेल आणि दर गॅलनमागे 25 टक्के जास्त माती हलेल. किंमत तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे 6 लाख डॉलर, साध्या डोझरपेक्षा साधारण 20 टक्के जास्त. म्हणजे अंदाजे एक लाख डॉलरचा फरक. समजा साधा डोझर तासाला 30 लिटर पितो, 20 टक्के वाचतात आणि वर्षाला तो 2,000 तास चालतो. बचत 12,000 लिटरची. 2008 च्या जुलैमध्ये अमेरिकेत डिझेल गॅलनला 4.70 डॉलरच्या वर गेले होते. त्या भावाने वर्षाला सुमारे 15,000 डॉलर वाचतात आणि फरक साडेसहा-सात वर्षांत भरून निघतो. 2009 च्या मार्चमध्ये तेच डिझेल दोन डॉलरच्या आसपास आले होते. त्या भावाने पंधरा-सोळा वर्षे लागतात. डोझर बाजारात उतरेपर्यंत त्याचा हिशेबच उलटला होता, आणि मंदीमुळे बांधकामेही थंडावली होती.

नुसत्या इंधनावर हा व्यवहार जुळणे कठीणच. तो जुळतो तो जास्त माती हलवल्यामुळे, कारण ऑपरेटरचा पगार आणि यंत्राचे हप्ते तासावर ठरतात, घनमीटरवर नाही. दुरुस्तीची बाजू मात्र वाटते तितकी सोपी नाही. चेन, रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) मिळून जे अंडरकॅरेज होते, त्यावरच चेनच्या यंत्राच्या दुरुस्तीचा मोठा हिस्सा खर्च होतो आणि विजेने त्यात काही फरक पडत नाही. गिअरबॉक्स खोलून एक घासलेली प्लेट बदलता येते. इन्व्हर्टर बहुधा अख्खा बदलावा लागतो. शेकडो व्होल्टचा संबंध आल्याने कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केल्याशिवाय मेकॅनिकला हात घालता येत नाही. पहिल्या मालकाला वॉरंटी आणि डीलरचा आधार असतो. दहा हजार तासांनंतर तेच यंत्र घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला तो असेलच असे नाही, आणि ही भीती जुन्या यंत्राच्या भावात उतरते.

2019 मध्ये आलेल्या नव्या डी7 मध्ये कॅटरपिलर पुन्हा टॉर्क कन्व्हर्टर आणि चार गतींच्या स्वयंचलित ट्रान्समिशनकडे वळली. वीज त्याआधीच, 2018 मध्ये, एक आकार खाली डी6 एक्सईमध्ये गेली होती. तिथे उंचावरच्या स्प्रॉकेटची रचना आणि स्विच्ड रिलक्टन्स मोटर वापरली गेली. या मोटरच्या फिरत्या भागात चुंबक नाही आणि तारांची गुंडाळीही नाही, नुसते दातेरी पोलाद. उष्णता आणि धक्के सोसायला याहून दणकट रचना सापडणे अवघड, आणि दुर्मिळ मृदा धातूंचा खर्चही नाही. तीन गतींच्या आधीच्या डी6टीपेक्षा इंधनात 35 टक्क्यांपर्यंत सुधारणा, असा कंपनीचा दावा होता. पण त्याच पिढीतला साधा डी6 सुद्धा चार गतींचा आणि स्वयंचलित झाला होता, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन नव्या यंत्रांतला खरा फरक त्या आकड्यापेक्षा कमी आहे. जॉन डिअरनेही नंतर आपल्या 850 आकारात ई-पॉवर डोझर आणला.

आज घेणाऱ्यासमोर एकाच आकाराची दोन्ही यंत्रे असतात. लांब पल्ल्याने जड माती ढकलायची आणि वर्षभर डोझर थांबवायचा नाही, अशा कामावर विजेचा दुवा आपला जास्तीचा दाम वसूल करतो. आठवड्यातून दोन दिवस सपाटीकरणासाठी उभ्या राहणाऱ्या डोझरवर करत नाही. तिथे कन्व्हर्टर तापतच नाही, मग वाचवायचे काय?