सामाजिक उद्योजक म्हणायचं कुणाला? कोल्हापुरातल्या मदतीची पार्श्वभूमी

भाऊसिंगजी रोडवरच्या त्या चहाच्या हॉटेलाची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे, परत सांगत नाही. फक्त एवढंच, की शाहू महाराजांनी ते हॉटेल काढणाऱ्या दलित माणसाला, गंगाराम कांबळेंना, नुसतं भांडवल देऊन सोडलं नव्हतं, गिऱ्हाईक फिरकेना म्हटल्यावर स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले. पुढं सहकार आला, दूध-साखर आली, उद्यमनगरात फाउंड्री उभ्या राहिल्या, पण तिथं शिरायला शेत, जनावर नाहीतर शेड असं काहीतरी आपलं लागायचं. राजेंद्रनगर, सदर बाजार अशा गरीब वस्त्यांतल्या बायकांकडं त्यातलं काहीच नव्हतं, त्यांच्या वाट्याला आले बचत गट.

सामाजिक उद्योजक कुणाला म्हणायचं, याचा खरा गुंता गेल्या दहा-बारा वर्षांतला. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामाला, घालणं आलं, 2016 ला स्टार्टअप इंडिया आलं, 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी झाली आणि कापडी पिशव्या शिवणाऱ्या गटांना वाटलं आता आपले दिवस आले.

पण आपल्याकडं 'सामाजिक उद्योग' असा नोंदणीचा वेगळा प्रकारच नाही. ट्रस्ट काढा, सोसायटी काढा, सेक्शन 8 म्हणजे नफा न वाटणारी कंपनी काढा, प्रायव्हेट लिमिटेड काढा नाहीतर सहकारी संस्था, आणि जे काढाल त्यावर पुढचं सगळं ठरतं. 2016 च्या व्याख्येत स्टार्टअप म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाहीतर नोंदणीकृत भागीदारी, म्हणजे ट्रस्ट आणि बचत गट तिथंच बाहेर. सीएसआरचं काम घ्यायचं तर बाहेरच्या संस्थेला 12ए, 80जी या आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय 2021 पासून सीएसआर-1 या सरकारी फॉर्मवरची नोंदणी. एका ऑफिसात मी स्वतः बघितलंय, पिशव्या शिवणाऱ्या गटाची ताई ठरावाची वही, पासबुक आणि दोन नमुन्याच्या पिशव्या घेऊन आली होती, साहेबांनी पिशवीची शिलाई ओढून बघितली, चांगली आहे म्हणाले आणि मग विचारलं, तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट कुठंय? तिला आधी बँकेनं सांगितलं होतं तुम्ही समाजकार्य करता, कर्ज कसं देऊ, आणि इथं सांगितलं तुम्ही माल विकता म्हणजे धंदा झाला. नागाळा पार्कासारख्या सुखवस्तू भागातल्या मुलाला हे सगळं घरचा सीए आठवड्यात करून देतो, तिला सीएची फी म्हणजे गटाची काही महिन्यांची बचत.

2022 ला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सोशल स्टॉक एक्स्चेंजसाठी, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभा करता येईल अशा बाजारासाठी, सामाजिक उपक्रमाची व्याख्या केली, ती मला महत्त्वाची वाटते, कारण आधी असं मोजमाप नव्हतं: उत्पन्न, खर्च किंवा लाभार्थी यांपैकी एकात तरी 67 टक्के वाटा वंचितांसाठीच्या कामाचा हवा. शब्दाला अर्थ मिळाला. पण ना-नफा संस्थेला तिथं नोंदणीसाठी वर्षाला 50 लाखांचा खर्च दाखवायला लागतो, आता झोपडपट्टीतला कुठला गट तेवढा खर्च दाखवणार? हा आकडा ठरवताना छोट्या शहरातल्या गटांचा विचार झाला असं मला तरी वाटत नाही.

त्यात आपली हद्दवाढ. महापालिका झाली 1972 ला आणि पुढं कित्येक दशकं हद्द इंचभरही सरकली नाही, लोक मात्र भाडं परवडेना म्हणून पाचगाव, उचगाव, कळंबा अशा हद्दीबाहेरच्या गावांत सरकले. गावातल्या गटांसाठी 2011 चं उमेद हे सरकारी अभियान, शहरातल्या गटांसाठी 2013 चं वेगळं अभियान, ऑफिस वेगळं, फिरता निधी वेगळा. एकाच मशीनवर आळीपाळीनं शिवणाऱ्या बायका, निम्म्या शहरात राहणाऱ्या, निम्म्या ग्रामपंचायतीत, मग गट दाखवायचा कुठं? त्या ताईच्या गटातल्या चौघी पाचगावच्या आहेत, शहराच्या यादीत त्यांची नावं बसली नाहीत आणि गावच्या ग्रामसंघात, म्हणजे तिथल्या बचत गटांच्या संघात, त्यांना कुणी ओळखत नव्हतं.