माटोळीसाठी दोन जुने कॅमेरे

पावसाने जरा उसंत घेतलेल्या एका रविवारी माझी भाची डिचोलीहून फोंड्याला आली, ती फोनवर दोन कॅमेऱ्यांचे फोटो घेऊनच. दोन्ही काळे, ठोकळ्यासारखे, जुळी भावंडं शोभावीत असे. एक म्हापशात कुणीतरी विकायला काढलेला, दुसरा मडगावात. किंमत जवळपास सारखीच. "मामा, यांतला कुठला घेऊ?" असं विचारून तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. "चौदा मेगापिक्सलवालाच ना? दुसरा तर दहाचाच आहे."

कॅमेरा हवा होता चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी. त्यांच्या घरची माटोळी बघण्यासारखी असते. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगणीच्या फळांचे झुबके, शेरवडाची पांढरी पानं, रानातून आणलेलं काय काय गणपतीच्या वर लाकडी चौकटीला टांगलेलं. त्या सगळ्याचा एकच फोटो, मोठा छापून भिंतीवर लावण्याजोगा, असा तिचा बेत. फोनने काढ की, असं मी म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की तो विषय मी तिथेच सोडला. आमच्या पिढीने कपाटात टाकून दिलेले डिजिटल कॅमेरे कॉलेजच्या पोरांत सध्या पुन्हा चलनात आले आहेत, हे मला ठाऊक होतं. आता ते घरापर्यंत पोचलं होतं.

दोन्ही कॅमेरे कॅननचे, पॉवरशॉट मालिकेतले. जी१० हा २००८च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाला, जी११ हा २००९च्या ऑगस्टमध्ये. लेन्स दोघांना सारखीच, पाचपट झूमची. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत २८ ते १४० मिलीमीटर. बॅटरीही एकच. जी११चा पडदा बिजागरीवर बाहेर वळतो, जी१०चा पाठीला चिकटलेला आहे पण किंचित मोठा आहे. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. गंमत वेगळीच आहे: जी१०मध्ये १४.७ मेगापिक्सल होते आणि वर्षभराने आलेल्या 'सुधारित' जी११मध्ये १०. मेगापिक्सलचा आकडा खोक्यावर जितका मोठा तितका माल खपतो, अशा त्या दिवसांत कंपनीने तो आकडा आपणहून खाली आणला होता. का आणला, हे समजलं की भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

आधी आकड्याचा फुगा जरा सोडू. १४.७ हे १०च्या जवळजवळ दीडपट. पण एक मेगापिक्सल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, आणि हे क्षेत्रफळाचं माप आहे, जमिनीच्या चौरस मीटरसारखं. फोटोतला बारकावा ओळखायचा तर एका रेषेत किती ठिपके बसतात ते बघावं लागतं. जी१०च्या फोटोत आडवे ४,४१६ ठिपके, जी११च्या फोटोत ३,६४८. फरक एकवीस टक्क्यांचा. इंचाला तीनशे ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशोबाने एकाचा फोटो पावणेपंधरा इंच रुंद छापता येतो, दुसऱ्याचा सव्वाबारा इंच. फरक आहे, पण दीडपट नाही.

आता हे ठिपके बसतात कशावर? दोन्ही कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा तुकडा, एकाच मापाचा, साधारण ७.४ बाय ५.६ मिलीमीटर. करंगळीचं नख म्हणा. (माहितीपत्रकात या मापाला '१/१.७ इंच' म्हणतात. ते गणित करून बघू नका. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत नळीचा बाहेरचा व्यास सांगायची पद्धत होती, ती आजतागायत ओढली जातेय. सेन्सरचा खरा कर्ण त्या मापाहून बराच कमी भरतो.) या नखाएवढ्या जागेत १४.७ दशलक्ष घरं, एका ठिपक्याला एक, बसवली तर प्रत्येक घर सुमारे १.७ मायक्रॉन रुंद होतं (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), १० दशलक्ष बसवली तर सुमारे २ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी तीस-चाळीस घरं ओळीने मावतील.

हे घर काय करतं? त्यावर पडलेल्या प्रकाशकणांमुळे सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते घर ते साठवतं. मग प्रत्येक घर आपला साठा शेजारच्या घरात ओततं, ते पुढच्यात, असं करत सगळी बेरीज कडेपर्यंत पोचते आणि तिथे मोजली जाते. आग लागली की माणसांची रांग करून कळशा हातोहात पुढे देतात, तसंच. याला सीसीडी म्हणतात. बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ही युक्ती १९६९ साली शोधली. तिच्यासाठी त्यांना नोबेल जाहीर झालं २००९च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपला जी११ जाहीर झाल्यावर दोनेक महिन्यांनी.

सीसीडीचे रंग काही औरच, असं भाचीने कुठेतरी वाचलं होतं. मला हे पटत नाही. सीसीडी फक्त इलेक्ट्रॉन मोजतो, त्याला रंग कळत नाही. रंग कळावा म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत निम्मी घरं हिरवी, पाव लाल, पाव निळी. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरले जातात. त्या जुन्या कॅमेऱ्यांचे रंग आवडत असतील तर श्रेय त्या काचांना आणि आतल्या हिशोबनीसाला, म्हणजे प्रोसेसरला द्या. आणि हे दोन्ही कॅमेरे सीसीडीचेच, त्यामुळे निवडीत त्याचा काही उपयोग नाही.

खरा मुद्दा मी तिला व्हरांड्यात उभं करून दाखवला. पाऊस पुन्हा सुरू होत होता. अंगणातल्या फरशीवर पहिले थेंब पडतात ते बघ म्हटलं. ढग एकच, पण एका लादीवर तीन थेंब, शेजारच्या लादीवर सात, पलीकडच्या लादीवर एकच. कुणी फक्त लाद्या बघून पावसाचा अंदाज केला तर त्याला वाटेल अंगणात जागोजागी वेगळा पाऊस पडतोय. पाच मिनिटांनी लादीवर हजारो थेंब पडले की हा फरक दिसेनासा होतो. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने पडतो. सरासरी शंभर कण येणार असतील तर सहज दहाचा वरखाली फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार येणार असतील तर शंभराचा, म्हणजे एकच टक्का. हा वरखाली फरक मूळ संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. अंधारात काढलेल्या फोटोतल्या भिंतीवर वाळू सांडल्यासारखे जे रंगीत दाणे दिसतात, ते हेच विरळ पडलेले पहिले थेंब.

लादी मोठी तर थेंब जास्त. जी११च्या एकेका घराचं क्षेत्रफळ जी१०च्या घराच्या जवळजवळ दीडपट, म्हणून कमी प्रकाशात त्याचं एकेक घर अधिक खात्रीने बोलतं. इथवर ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे दहावालाच." पण थांब. अंगण तेवढंच आहे आणि पाऊसही तेवढाच. दोन्ही फोटो एकाच मापात छापले तर जी१०चे लहान ठिपके शेजारी शेजारी मिसळून जातात आणि वर्गमुळाचा तोटा बराचसा भरून निघतो. पूर्ण भरून मात्र निघत नाही, कारण प्रत्येक घर मोजताना मोजणाऱ्याची स्वतःची थोडी चूक होते. घरं जास्त तर अशा चुकाही जास्त, आणि मुळात प्रकाशच तुटपुंजा असेल तेव्हा त्या उठून दिसतात. त्यामुळे शिगम्याची रात्रीची मिरवणूक, नाचणारी रोमटं म्हणजे ढोल-ताशांचे मेळ, देवळातली दिवजां म्हणजे बायकांच्या हातातले दिवे, अशा फोटोंना जी११ बरा. हलत्या माणसांना थांबा म्हणता येत नाही, कॅमेऱ्याची झडप झटकन मिटावी लागते, प्रकाश कमी आत येतो. मग आयएसओ वाढवायचा. जी१०चा आयएसओ १६००पर्यंत जातो, जी११चा ३२००पर्यंत. आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नसतो, जो आलाय त्याचा आवाज फक्त मोठा होतो आणि त्याबरोबर खरखरही.

आणखी एक मर्यादा आहे, ती कंपनीच्या हातात नाही आणि पैसे देऊन सुटतही नाही. प्रकाश ही लाट आहे, त्यामुळे लेन्स कितीही निर्दोष असली तरी एका बिंदूचा सेन्सरवर पसरट ठिपकाच होतो. त्याचा व्यास लेन्सच्या छिद्रावर अवलंबून असतो. छिद्र लहान केलं की ठिपका मोठा. (छिद्राचं माप एफच्या आकड्यात सांगतात; आकडा मोठा तितकं छिद्र लहान.) हिरव्या उजेडात एफ/२.८ला तो पावणेचार मायक्रॉनच्या आसपास येतो आणि एफ/८ला सुमारे पावणेअकरा. जी१०चं घर १.७ मायक्रॉनचं! एफ/८ला एक बिंदू आडव्या रेषेत सहा घरांवर सांडतो. चोडण बेटावरच्या खाजणात भर दुपारी छिद्र बारीक करून पक्ष्याचा फोटो काढलात तर १४.७ मेगापिक्सलमधले पुष्कळसे एकाच ठिपक्याची पुन्हा पुन्हा मोजणी करत बसतात. वरच्या पावणेपाच मेगापिक्सलचे पैसे वसूल करायचे तर छिद्र उघडं हवं, उजेड भरपूर हवा किंवा समोरची वस्तू स्थिर हवी.

स्थिर वस्तू. हे बोलताना मलाच थांबायला झालं. माटोळी नाचत नाही.

चवथीच्या दिवशी घरातल्या खोलीत ट्यूबलाइट, समई, विजेच्या माळा मिळून शंभरेक लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड धरू. बाहेरच्या उन्हाच्या तो हजारावा हिस्सा. हातात कॅमेरा धरून आयएसओ ८०० ठेवला तर एफ/२.८ला झडप सेकंदाचा चाळिसावा भाग उघडी राहील आणि दाणे येतील. पण कॅमेरा तिवईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट बसवून आयएसओ ८० ठेवला तर तिथे पाव सेकंद लागेल, म्हणजे दहापट थेंब. छिद्र एफ/४ केलं तर अर्धा सेकंद. तेवढं थांबायला गणपतीला काय अडचण? दाण्यांचा प्रश्नच मग जवळपास मिटतो, आणि शेरवडाच्या पानावरच्या शिरा, सुपारीच्या घोसातली एकेक सुपारी यांच्यासाठी जी१०चे जास्तीचे ठिपके खरोखर कामाला येतात. तेव्हा भाचीचा पहिला अंदाज बरोबर होता, कारण मात्र चुकीचं होतं. मी परीक्षक असतो तर निम्मे गुण दिले असते.

इतक्या जुन्या वस्तूची निवड कागदावर संपत नाही, म्हणून तिच्याबरोबर म्हापशाला गेलो. मी टॉर्च घेतला होता. लेन्स पुढे काढून, टॉर्च तिरका धरून आत बघायचं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने हवा ओलीचिंब, आणि कॅमेरा बहुधा कातडी पिशवीत घालून कपाटात. लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला आणखी काही लागत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ते फोटोत तंतू म्हणून उमटत नाहीत, कारण काचेच्या इतक्या जवळच्या वस्तूवर कॅमेऱ्याचा फोकसच नसतो; ते प्रकाश विखुरतात, आणि समोर दिवा असेल तर सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येतो. पुढे पुढे बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेपही खातं, मग साफ करूनही डाग राहतो. माझा एक चांगला कॅमेरा मी असाच घालवलाय, लोखंडी कपाटात, नीट गुंडाळून, प्रेमाने.

म्हापशातला जी१० आतून स्वच्छ निघाला. झूम पुढे-मागे नेताना कान दिला; समुद्रकिनारी वापरलेल्या कॅमेऱ्यात वाळूची करकर ऐकू येते, तशी नव्हती. भाचीने तो दुकानातल्या ट्यूबलाइटकडे वळवला आणि दचकली. पडद्यावर दिव्यातून वर-खाली एक उभी जांभळट रेघ आली होती. विकणाराही ओशाळला. पण तो बिघाड नव्हे. मघाच्या रांगेतल्या कळशा आठवा: हातोहात जाताना प्रखर दिव्याखालून गेलेल्या प्रत्येक कळशीत थोडं जास्तीचं सांडतं, त्याची ती रेघ. ही रेघ पडद्यावर आणि व्हिडिओत दिसते. फोटो काढताना झडप मिटून अंधार झाल्यावरच कळशा सरकतात, म्हणून फोटोत ती येत नाही. काढून बघितला, आली नाही. बॅटरी मरायला टेकलेली होती, तेवढे पैसे कमी करून घेतले. फोटो साठवायचं कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एसडीएचसी प्रकारचं घ्यायला सांगितलं, आणि हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवू का, असं तिने विचारलं. तांदळाचा भुसा झूमच्या नळीत जातो, नको म्हटलं.

एवढं सगळं समजावताना मला स्वतःलाच जी११ची भुरळ पडली, हे कबूल करतो. संध्याकाळी सातनंतरच मला फोटो सुचतात. पुढच्या शनिवारी कदंब बस धरून मडगावला गेलो. पडदा सुरेख वळत होता, चकत्या कटकन फिरत होत्या. टॉर्च लावला. पांढरं जाळं, कडेपासून मध्यापर्यंत. रिकाम्या हाताने परत आलो.

भाचीची तयारी झाली आहे. तिवई आणली, दोन सेकंदांचा टायमर लावायला शिकली, म्हणजे बटण दाबताना बसणारा हादरा विरतो. तिवईवर असताना कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी सोय बंद करायची हेही पाठ झालं. घरातला जुना पानाचा डबा दिव्याखाली ठेवून अर्ध्या सेकंदाचे फोटो काढले, नक्षी लख्ख आली. मग तिने दोरीला नारळ टांगून बघितला तर फोटोत नारळाला दोन कडा. वर पंखा चालू होता.

चवथीला त्या खोलीत तीस माणसं असतात, आरती चालू असते, ऑगस्ट-सप्टेंबरचा उकाडा. पंखा बंद कर, असं आजीला कोण सांगणार, यावर त्यांच्या घरी अजून चर्चा चालू आहे.