अल्पवयीनाने स्मारक विद्रूप केलं तर: समाजसेवेच्या आदेशासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कान्हेरीच्या लेण्यात, शिवडीच्या किल्ल्यात किंवा गेटवेच्या दगडावर मुलाने नाव कोरलं, रंग फासला आणि तो सापडला, की घरचे सहसा एकच विचारतात: दंड किती? दंड भरतात आईवडील, आणि मुलाला त्याची झळ क्वचितच लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ मध्ये दंडाखेरीज दुसरा मार्ग आहे: संस्थेच्या किंवा नेमलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा. अशा गुन्ह्याला हीच शिक्षा सर्वांत योग्य आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अल्पवयीनांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाने (पुढे नुसतं 'मंडळ') ती द्यावी असं वाटत असेल, तर पहिल्या तारखेपासून तयारी लागते.

आधी स्मारक कोणाच्या ताब्यातलं ते पाहा

कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि घारापुरी ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं कलम ३० लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गेटवे, बाणगंगा, शिवडीचा किल्ला ही राज्य संरक्षित स्मारकं असल्यामुळे तिथे राज्याचा १९६० चा कायदा पाहायचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण इमारत रेल्वेची आहे. फ्लोरा फाउंटन महापालिकेकडे आहे. अशा ठिकाणी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, राज्याचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण कायदा आणि कधी १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान कायदा लावला जातो.

हे बघायचं कारण असं की कमाल शिक्षेवरून गुन्ह्याचा वर्ग ठरतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा किरकोळ मानला जातो आणि त्याची चौकशी संक्षिप्त पद्धतीने होते. १९८४ चा कायदा लागला, किंवा कलम ३२४ खाली नुकसान एक लाख रुपये वा त्याहून जास्त दाखवलं, तर कमाल शिक्षा पाच वर्षांवर जाते. मग गुन्हा गंभीर वर्गात मोडतो आणि चौकशी लांबते. म्हणून पंचनाम्यातला नुकसानीचा आकडा नीट वाचा आणि तो कोणी, कशाच्या आधारे काढला ते विचारा. समाजसेवेचा आदेश मात्र दोन्ही वर्गांत देता येतो.

हद्दीचा घोळ नेहमी होतो. घारापुरीची लाँच गेटवेवरून सुटते, पण बेट रायगड जिल्ह्यात आहे. वसईचा किल्ला पालघर जिल्ह्यात येतो. त्या प्रकरणांची नोटीस मुंबईच्या नव्हे, त्या त्या जिल्ह्याच्या मंडळाकडून येते. नोटिशीवरचा पत्ता वाचूनच निघा.

पात्रता

घटनेच्या दिवशी वय १८ पेक्षा कमी हवं. सुनावणीच्या वेळी १८ पूर्ण झाले असले तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच चालतं. नियमांतल्या व्याख्येनुसार समाजसेवा १४ वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलासाठी समज देणं, समुपदेशन, पालकांच्या हमीवर घरी सोडणं हे मार्ग आहेत. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बाराच्या दरम्यान मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, हे तपासलं जातं.

आणखी एक अट आहे आणि तिच्याकडे घाईत दुर्लक्ष होतं. कलम १८ चा आदेश मुलाने कृत्य केलं अशी मंडळाची खात्री झाल्यावरच निघतो. म्हणजे समाजसेवा मागणं हे कृत्य मान्य करण्यासारखंच आहे. नाव मित्राने कोरलं आणि तुमचा मुलगा नुसता शेजारी उभा होता, तर हा अर्ज करू नका. 'लवकर सुटेल' म्हणून न केलेलं कबूल करायला लावणं हा मुलावर अन्याय आहे. त्या वेळी वकील घ्या. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

पोलीस ठाण्यात

अशा प्रकरणात एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, बालकल्याण पोलीस अधिकारी नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरतात आणि पालकांना मंडळाची तारीख कळवतात. मुलासोबत १८ वर्षांवरचा कोणी असेल, तर एफआयआर होतो, पण त्या दोघांची कारवाई एकत्र चालवता येत नाही. मुलाला ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत, आणि कोणत्याही जबाबावर मुलाची सही घ्यायची नाही. 'माफीनामा लिहून दे, सोडतो' असं कोणी म्हटलं तरी मुलाने सही करू नये. पालकांनी नमुना २ मधलं हमीपत्र द्यावं, तेवढं पुरतं.

गडांवर पकडलेल्या मुलांना उठाबशा काढायला लावून त्याचा व्हिडिओ टाकण्याची पद्धत पडली आहे. गडाच्या विद्रूपीकरणाबद्दलची चीड आम्हाला समजते, ती आमचीही आहे. तरी हे करू नका. प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड केली, तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय असा व्हिडिओ फिरला की सगळी चर्चा त्याचीच होते आणि दगडाचं नुकसान बाजूला पडतं. फोटो काढायचे ते कोरलेल्या जागेचे, तारखेसह, आणि ते पोलिसांना द्यायचे.

कागदपत्रं

वयाच्या पुराव्याचा क्रम कलम ९४ ने ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय वयचाचणी, जी आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण करायची असते. आधार कार्ड या क्रमात नाही, ते ओळखीपुरतं जोडा. शाळेच्या आणि महापालिकेच्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, किंवा जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसेल, तर पालकांचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. तारखा वाढण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

याशिवाय लागतं ते असं:

- पालकांचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (रेशनकार्ड किंवा वीजबिल)
- शाळा-कॉलेजचं बोनाफाइड आणि परीक्षेचं वेळापत्रक
- दम्यासारखा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र
- वकील असेल तर वकीलपत्र
- समाजसेवा करून घेणाऱ्या संस्थेचं संमतिपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि त्याची पोलीस पडताळणी

सगळ्याच्या मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स संच न्या.

अर्ज आणि कामाची योजना

अर्जाचा ठरावीक छापील नमुना शोधत बसू नका, साध्या कागदावरचा अर्ज चालतो. वर मंडळाचं नाव, मग प्रकरण क्रमांक, मुलाचं वय आणि शाळा, घटनेची तारीख आणि जागा, आणि मागणी: 'कलम १८(१)(क) प्रमाणे जोडलेल्या योजनेनुसार समाजसेवेचा आदेश व्हावा.' हे एका पानात बसतं. खरं वजन जोडलेल्या योजनेला असतं. 'मुलगा साफसफाई करील' एवढंच लिहिलं, तर मंडळाच्या हाती काहीच लागत नाही.

योजनेत पहिलं वाक्य हे असावं: मुलगा स्मारकाच्या दगडाला हात लावणार नाही. 'ज्याने घाण केली त्यानेच घासावं' हे ऐकायला रास्त वाटतं, पण त्यात स्मारकाचं दुसऱ्यांदा नुकसान होतं. थिनर ओतला की रंग पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत आणखी खोल शिरतो. तारेच्या ब्रशने वरचा थर खरवडला जातो आणि पांढरट डाग कायमचा राहतो. आम्ल तर चुनखडीचा दगड आणि चुन्याचा गिलावा दोन्ही खातं. रंग काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचं आहे. आधी छोट्या कोपऱ्यावर चाचणी घेऊन ते लेप लावतात आणि रंग त्यात हळूहळू ओढून घेतात. कोरलेली रेघ तर पुसताच येत नाही, ती फार तर भरून झाकता येते. मुलाने हे काम तज्ज्ञांच्या शेजारी उभं राहून पाहावं आणि वहीत लिहावं, हे मात्र योजनेत जरूर घाला.

मग काम काय द्यायचं? पायवाटेवरचा कचरा उचलून प्लास्टिक आणि काच वेगळी करणं, पाण्याच्या बाटल्यांची नोंद ठेवणं, रांगेत पर्यटकांना नियम सांगणं, शाळांच्या सहलींसाठी माहितीपत्रक तयार करणं. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. कल्याण, सोपाऱ्याच्या लोकांनी कोणी लेणं, कोणी पाण्याचं टाकं दिल्याचं त्यांत लिहिलं आहे. मुलाला त्यांतले पाच लेख छापील वाचनावरून समजून घ्यायला लावा आणि साध्या मराठीत त्यांचा अर्थ लिहायला द्या. आपण जिथे नाव ओढलं तिथे आधी काय होतं, हे त्याला यातूनच कळतं. नुसता झाडू दिला तर हे होत नाही.

वेळ लिहिताना आकडे स्पष्ट हवेत. कायद्याने तासांची संख्या ठरवलेली नाही. आमचा सल्ला: दर रविवारी तीन तास, आठ ते दहा रविवार, परीक्षेचे आठवडे सोडून. कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, तो दिवस योजनेत धरू नका. जून ते सप्टेंबर ओल्या पायऱ्यांवर काम ठेवायचं नाही, तेव्हा लेखनाचं काम द्यायचं. उंच तटावर चढणं, झुडपं तोडणं, रसायनं हाताळणं साफ वगळा. हजेरीपटावर येण्याची आणि जाण्याची वेळ व देखरेख करणाऱ्याची सही हवी. फोटो काढले तर कचऱ्याच्या पोत्यांचे काढा, मुलाचे नको.

संरक्षित स्मारकाच्या आवारात असं काम करायला ताबा असलेल्या खात्याची लेखी परवानगी लागते. केंद्राच्या स्मारकांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे अधीक्षक पुरातत्त्वविद, ज्यांचं कार्यालय सायन किल्ल्यावर आहे. राज्याच्या स्मारकांसाठी सेंट जॉर्जेस फोर्टमधलं पुरातत्त्व संचालनालय. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे तिथे वनखात्यालाही पत्र द्या. परवानगी यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज केल्याची पोच योजनेला जोडा. खात्याने नकार दिला तर त्याच भागातली महापालिकेची बाग किंवा वस्तुसंग्रहालय हा पर्याय लिहून ठेवा.

मंडळापुढे

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी येऊन दोन आठवड्यांत सामाजिक अन्वेषण अहवाल देतात. मुलाला उत्तरं पढवू नका, पढवलेलं लगेच कळतं. योजनेची प्रत मात्र त्यांना आधीच द्या, अहवालात तिचा उल्लेख आला तर मोठा आधार होतो. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते आणि ती दोन महिने वाढवता येते.

आदेश हातात आला की ओळ न ओळ वाचा. मंडळ कलम १८(२) खाली मुलाला ठरावीक ठिकाणी जायला मनाई करू शकतं. एकीकडे त्याच स्मारकावर काम आणि दुसरीकडे तिथे जायची बंदी असा मेळ बसत नसेल, तर लगेच दुरुस्ती मागा. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. काम संपल्यावर संस्थेचा पूर्तता अहवाल आणि हजेरीपट मंडळात दाखल करून पोच घ्या. या प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. ते झालं का, हे लेखी विचारा.

वय १८ पूर्ण झालं असेल तर

भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही शिक्षा आली, पण ती मोजक्या गुन्ह्यांसाठी आहे. स्मारकाचं नुकसान त्यांत नाही. कॉलेजच्या मुलांचे पालक इथेच फसतात आणि चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात. १८ वर्षांवरच्यांनी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा आधार घ्यावा. २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, असं त्याचं कलम ६ सांगतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं आणि कलम ५ खाली नुकसानभरपाई भरायला लावता येते. ही भरपाई मुलाच्या स्वतःच्या कमाईतून, हप्त्याने भरण्याची तयारी प्रतिज्ञापत्रावर दाखवा आणि पगाराची किंवा स्टायपेंडची पावती सोबत जोडा.