मित्सुकोशी : दुकानामागचे घराणे

तोक्योतील मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर 1673 साली निघालेल्या ‘एचिगोया’ या कापड दुकानातून वाढले. संस्थापक म्हणून मित्सुई ताकातोशी (1622–1694) याचे नाव घेतले जाते. मात्र घराला धंद्याचे वळण लावले ते त्याच्या आईने.

मित्सुई मूळचे सामुराई. ओमी प्रांतातील रोक्काकु या सरदार घराण्याच्या पदरी ते होते. 1568 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने रोक्काकुंचा पाडाव केला आणि मित्सुई ताकायासु इसे प्रांतात निघून आला. त्याचा किताब होता ‘एचिगो नो कामी’, म्हणजे एचिगो प्रांताचा अधिपती. किताब नावापुरताच; त्या प्रांतावर त्याचा अंमल कधीच नव्हता. त्याच्या मुलाने तलवार बाजूला ठेवून मात्सुसाका गावात गहाणवटीचा आणि साके (तांदळाची दारू) व मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) विकण्याचा धंदा मांडला. गिऱ्हाईक मात्र जुना मान विसरले नाही. दुकानाला लोक ‘एचिगो साहेबांचे साकेचे दुकान’ म्हणत.

या मुलाचेही नाव ताकातोशीच. बापलेकांच्या नावांचा उच्चार एक, लिहिण्याची अक्षरे वेगळी. धंद्यात त्याचा फारसा जीव नव्हता. गल्ला सांभाळला तो त्याच्या बायकोने, शुहोने. ती व्यापारी घरातली लेक. काटकसरी इतकी की टाकाऊ वस्तूही वाया जाऊ देत नसे, पण दुकानात आलेल्याला चहा-तंबाखू विचारल्याशिवाय राहत नसे. तिला चार मुलगे आणि चार मुली. धाकटा ताकातोशी हे शेंडेफळ.

1635 मध्ये पोरवयातच तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, थोरल्या भावाच्या कापड दुकानात गेला. कामात तो तरबेज निघाला. भावाला त्याच्या हुशारीची धास्ती वाटू लागली असेही सांगतात. 1649 मध्ये म्हाताऱ्या आईला सांभाळायचे म्हणून तो मात्सुसाकाला परतला आणि पुढची 24 वर्षे तिथेच सावकारी करत राहिला. संसार मोठा होता: दहा मुलगे, पाच मुली. 1673 मध्ये थोरला भाऊ वारला, तेव्हा ताकातोशीने पन्नाशी ओलांडली होती. त्याच वर्षी त्याने एदोच्या होंचो पेठेत दुकान आणि क्योतोत खरेदीची पेढी काढली. स्वतः तो मात्सुसाकाहूनच सूत्रे हलवी. एदोचे दुकान मुलांच्या हाती होते.

दुकानाची दर्शनी रुंदी जेमतेम 9 फूट. तेव्हाचे बडे कापडवाले सरदारांच्या वाड्यावर माल घेऊन जात, उधारीवर देत आणि वसुली वर्षातून एकदोनदाच होई. बुडीत उधारी आणि व्याज आधीच किमतीत चढवलेले असे. एचिगोयाने फलक लावला: रोख, स्वस्त, एकच भाव. घासाघीस नाही, उधारी नाही. शिवाय ताग्यातून हवे तेवढे कापड कापून मिळे, त्यामुळे सामान्य माणसालाही रेशीम परवडू लागले. बाकीचे दुकानदार बिथरले. त्यांनी बहिष्कार घातला. तेवढ्यावर न थांबता एचिगोयाच्या स्वयंपाकघराच्या रोखाने सामायिक संडासही बांधला! 1683 मध्ये दुकान जवळच्या सुरुगाचोत हलले आणि शेजारीच नाणी बदलून देण्याची पेढी सुरू झाली. मित्सुईंच्या पुढच्या बँकेचे मूळ हेच.

पंधरा मुलांच्या घरात वाटण्या झाल्या असत्या तर धंदा दोन पिढ्यांत विरला असता. मित्सुईंनी वाटण्याच टाळल्या. 1710 मध्ये सगळ्या शाखांची मिळून एक मध्यवर्ती पेढी केली. 1722 मध्ये थोरला मुलगा ताकाहिरा याने घराण्याचे नियम लेखी घालून दिले: मालमत्ता सामायिक, तिचे 220 हिस्से, पैकी 62 थोरल्या पातीचे.

कापडाचा धंदा घरापासून तुटला तो 1872 मध्ये. शोगुनांची सत्ता संपल्यावर 1868 मध्ये आलेल्या मेइजी सरकारमधील मंडळींना मित्सुईंनी बँकेकडे लक्ष द्यावे असे वाटत होते आणि कापड दुकान तोट्यात होते. ते वेगळे काढताना ‘मित्सुई’तले ‘मित्सु’ आणि ‘एचिगो’चे पहिले अक्षर जोडून ‘मित्सुकोशी’ हे नवे नाव घडवले. ‘एचि’ आणि ‘कोशी’ ही एकाच अक्षराची दोन वाचने. 1904 मध्ये कंपनी झाली आणि 1905 च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून डिपार्टमेंट स्टोअर होत असल्याची घोषणा. मुख्य दुकान आजही तोक्योच्या निहोनबाशी भागात, जुन्या सुरुगाचोच्या जागीच आहे. त्याच्या बोधचिन्हात वर्तुळात एकच अक्षर आहे: ताकायासुच्या किताबातले ‘एचि’.